ज्युनिअर कॉलेजमधून विद्यापीठाच्या फुटबॉल संघात: पात्रतेचे नियम टप्प्याटप्प्याने

अमेरिकेत बारावीनंतर थेट मोठ्या विद्यापीठाच्या फुटबॉल (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) संघात जागा मिळाली नाही, तर दोन वर्षांच्या ज्युनिअर किंवा कम्युनिटी कॉलेजमध्ये खेळून तेथून चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याचा मार्ग जुना आणि रुळलेला आहे. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेला ॲरन रॉजर्स 2002 साली उत्तर कॅलिफोर्नियातील ब्यूट कॉलेजमध्ये खेळला आणि पुढच्याच वर्षी बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. कॅम न्यूटन फ्लोरिडा विद्यापीठ सोडून टेक्सासमधील ब्लिन कॉलेजमध्ये गेला, 2009 साली तेथे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 2010 साली ऑबर्नकडून खेळताना हाइझमन करंडकाचा, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा, मानकरी ठरला. अशा गोष्टी ऐकून मुले या वाटेने जातात. मात्र त्यांच्यापैकी अनेकांची गाडी अडते ती मैदानावर नव्हे, तर विषय-गुणांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या कार्यालयात. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी पालकांच्या घरात हा खेळ मुलाच्या शाळेतूनच शिरला, त्यांच्यासाठी आणि भारतातून तेथे जाऊ पाहणाऱ्या एखाद्या खेळाडूसाठी ही मांडणी केली आहे. आपल्या अकरावी-बारावीच्या ज्युनिअर कॉलेजशी या कॉलेजांचा संबंध नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

सर्वांत आधी कोणाचे नियम कोठे लागू होतात ते समजून घ्यावे, कारण निम्मा गोंधळ येथेच होतो. बहुतेक दोन वर्षांच्या कॉलेजांचे खेळ एनजेसीएए ही 1938 साली स्थापन झालेली ज्युनिअर कॉलेजांची राष्ट्रीय क्रीडा संघटना चालवते. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांची संघटना वेगळी आहे आणि तेथे क्रीडा शिष्यवृत्ती दिलीच जात नाही. मोठ्या विद्यापीठांवर एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची सत्ता चालते आणि तिचे तीन विभाग आहेत: पहिल्या दोन विभागांत क्रीडा शिष्यवृत्ती मिळते, तिसऱ्यात मिळत नाही. याशिवाय एनएआयए ही तुलनेने लहान महाविद्यालयांची स्वतंत्र संघटना आहे. मुलगा ज्युनिअर कॉलेजमध्ये खेळण्यास पात्र आहे याचा अर्थ तो एनसीएएच्या पहिल्या विभागात खेळण्यास पात्र होतो असा मुळीच नाही, कारण दोन्हीकडचे निकष वेगळे आहेत आणि एनसीएएचे अधिक कडक आहेत. एनजेसीएएमध्ये दुसऱ्या हंगामासाठी साधारणपणे 24 क्रेडिट (प्रत्येक विषयाला त्याच्या तासांनुसार मिळणारी एकके) आणि 2.0 जीपीए (ए चे 4, बी चे 3, सी चे 2 अशी श्रेणींची सरासरी) पुरतो. पहिल्या विभागातील विद्यापीठात जाण्यासाठी हस्तांतरित होणाऱ्या, म्हणजे नवे विद्यापीठ मान्य करील अशा, विषयांत 2.5 जीपीए लागतो. दुसऱ्या विभागात ही अट 2.2 ची आहे. यापुढे मी मुख्यतः पहिल्या विभागाविषयीच लिहिणार आहे, कारण तेथील अटी पाळल्या की इतर बहुतेक दारे आपोआप उघडी राहतात.

पहिली पायरी ज्युनिअर कॉलेजमध्ये नाही, शाळेत आहे. विद्यार्थी शाळेतून बाहेर पडताना एनसीएएच्या दृष्टीने क्वालिफायर (सर्व अटी पुऱ्या करणारा), ॲकॅडमिक रेडशर्ट (थोडक्यात कमी पडल्याने पहिल्या वर्षी सामने न खेळू शकणारा) किंवा नॉन-क्वालिफायर (अटी पुऱ्या न करणारा) यांपैकी काय ठरला, यावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो. क्वालिफायर ठरण्यासाठी शाळेतील 16 मान्यताप्राप्त मुख्य विषय पूर्ण करावे लागतात: चार वर्षे इंग्रजी, अल्जिब्रा-1 किंवा त्यावरील पातळीचे तीन वर्षे गणित, दोन वर्षे विज्ञान, दोन वर्षे समाजशास्त्रीय विषय आणि उरलेले ठरावीक गटांतून निवडलेले. त्यांपैकी 10 विषय बारावीचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात, त्या दहांत सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात आणि मुख्य विषयांचा जीपीए किमान 2.3 असावा लागतो. हा जीपीए 2.0 ते 2.299 च्या दरम्यान राहिला, तर विद्यार्थी ॲकॅडमिक रेडशर्ट गणला जातो. सॅट किंवा ॲक्ट या परीक्षांची अट एनसीएएने जानेवारी 2023 मध्ये काढून टाकली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये दिसणारे गुणांचे तक्ते आता बाजूला ठेवावेत.

रॉजर्सचे उदाहरण येथे उपयोगी पडते. त्याच्या शाळेतील गुण चांगले होते, म्हणूनच तो ज्युनिअर कॉलेजमध्ये दोन वर्षे न घालवता एका वर्षात बर्कलीला जाऊ शकला. क्वालिफायर असलेल्या मुलाला ज्युनिअर कॉलेजमध्ये किमान एक पूर्णवेळ सत्र काढावे लागते, प्रत्येक पूर्णवेळ सत्रामागे सरासरी 12 हस्तांतरणीय क्रेडिट मिळवावे लागतात आणि त्यांत 2.5 जीपीए राखावा लागतो. नॉन-क्वालिफायरसाठी मात्र यादी लांबते: ज्युनिअर कॉलेजची पदवी, म्हणजे असोसिएट डिग्री, किमान तीन सेमिस्टर (सहामाही सत्रे) किंवा चार क्वार्टर (तिमाही सत्रे) पूर्णवेळ शिक्षण, 48 सेमिस्टर क्रेडिट किंवा 72 क्वार्टर क्रेडिट, तेही हस्तांतरणीय, त्यांत इंग्रजीचे सहा, गणिताचे तीन आणि विज्ञानाचे तीन सेमिस्टर क्रेडिट, आणि पुन्हा तोच 2.5 जीपीए. पदवीसाठीच्या क्रेडिटपैकी किमान चौथा हिस्सा पदवी देणाऱ्या कॉलेजमध्येच मिळवलेला असावा लागतो, त्यामुळे शेवटच्या क्षणी दुसऱ्या कॉलेजातून घाईघाईने पदवी पदरात पाडून घेण्याचा बेत सहसा फसतो. म्हणून ज्युनिअर कॉलेजमध्ये प्रवेश घेण्यापूर्वीच एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरमध्ये, म्हणजे पात्रता तपासणाऱ्या केंद्रात, नोंदणी करावी, शाळेकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषय व गुणांची नोंद) थेट तेथे पाठवून घ्यावे आणि आपण कोणत्या गटात मोडतो ते लेखी स्वरूपात जाणून घ्यावे. "आता तर ज्युनिअर कॉलेजला चाललाच आहे, मग शाळेच्या गुणांचे काय एवढे" असे म्हणणारे प्रशिक्षक भेटतात. त्यांचे ऐकू नये.

दुसरी पायरी म्हणजे पहिल्या सत्राचे विषय निवडणे. माझ्या मते सर्वाधिक नुकसान येथेच होते, म्हणून थोडे सविस्तर पाहू. समजा, एका क्वालिफायर मुलाने पहिल्या सत्रात पुढील विषय घेतले: इंग्रजी निबंधलेखन तीन क्रेडिट, श्रेणी सी, कॉलेज अल्जिब्रा तीन क्रेडिट, श्रेणी सी, समाजशास्त्राची ओळख तीन क्रेडिट, श्रेणी बी, वाचनकौशल्याचा पूर्वतयारी वर्ग तीन क्रेडिट, श्रेणी ए, आणि फुटबॉल व वजन-प्रशिक्षण या दोन शारीरिक उपक्रमांचे प्रत्येकी एक क्रेडिट, दोन्हींत ए. कॉलेजच्या कागदावर 14 क्रेडिट आणि सुमारे 2.93 जीपीए दिसतो. घरी आनंद होतो, प्रशिक्षक पाठ थोपटतो आणि मुलगा पुढच्या सत्रात बिनधास्त खेळतो. पण ज्या विद्यापीठात जायचे तेथील मूल्यांकन वेगळे असते. पूर्वतयारीचे वर्ग पदवीच्या क्रेडिटमध्ये धरले जात नाहीत. शारीरिक उपक्रमांचे फार तर दोनच क्रेडिट एनसीएएच्या हिशेबात चालतात आणि तेही विद्यापीठाने स्वीकारले तर. ते नाकारले गेले, तर हाती उरतात फक्त नऊ क्रेडिट आणि 2.33 जीपीए. आता दोन सत्रांत मिळून 24 क्रेडिट आणि 2.5 जीपीए गाठायचा, तर दुसऱ्या सत्रात 15 क्रेडिटचे पाच विषय घ्यावे लागतील आणि त्यांपैकी तिनांत बी व दोनांत सी मिळवावीच लागेल. त्याहून एकही श्रेणी घसरली की गणित चुकले. हंगाम संपल्यावरचे सत्र असल्याने ते अशक्य नाही, पण अवघड जागी गाडी आणून मग वळण घेण्यापेक्षा सुरुवातीलाच रस्ता पाहिलेला बरा.

2.5 चा अर्थ मुलाला एका वाक्यात सांगायचा, तर निम्म्या क्रेडिटमध्ये बी आणि निम्म्यांत सी. सगळीकडे सी मिळवणारा मुलगा ज्युनिअर कॉलेजच्या संघात राहू शकतो आणि पदवीही घेऊ शकतो; मात्र पहिल्या विभागात जाऊ शकत नाही. नॉन-क्वालिफायरने इंग्रजीचे सहा, गणिताचे तीन आणि विज्ञानाचे तीन क्रेडिट पहिल्या दोन सत्रांतच उरकावेत, असा माझा आग्रह आहे, कारण गणितात एकदा अपयश आले तर पुन्हा बसायला वेळ हवा आणि शेवटच्या उन्हाळ्यावर विसंबणे धोक्याचे असते: उन्हाळी वर्गांतून मिळणाऱ्या क्रेडिटनाही मर्यादा आहेत.

तिसरी पायरी: हस्तांतरणीय विषय कोणते, हे कोणाला विचारायचे? उत्तर एकच, ज्या विद्यापीठात जायचे त्याला. ज्युनिअर कॉलेजचा सल्लागार चांगल्या मनाने सांगतो, पण निर्णय त्याच्या हाती नसतो. शाळेनंतरची प्राथमिक पात्रता एलिजिबिलिटी सेंटर ठरवते. ज्युनिअर कॉलेजातून येणाऱ्याची शैक्षणिक पात्रता मात्र प्रवेश देणारे विद्यापीठ स्वतः प्रमाणित करते. त्यामुळे तेच 50 क्रेडिट एका विद्यापीठात पुरतात आणि दुसऱ्यात कमी पडतात. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाच्या संकेतस्थळावर कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय राज्यातील कोणत्या सरकारी विद्यापीठात कशाच्या बदली चालतो, हे पाहता येते. फ्लोरिडात सरकारी संस्थांमध्ये विषयांचे समान क्रमांक वापरले जातात, त्यामुळे काम सोपे होते. राज्याबाहेर जायचे असल्यास मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडे विषयांची माहितीपत्रके पाठवून विचारण्यावाचून गत्यंतर नाही. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजातून सेमिस्टर पद्धतीच्या विद्यापीठात जाताना तीन क्वार्टर क्रेडिटचे दोन सेमिस्टर क्रेडिट होतात, हेही विसरू नये.

येथे आणखी एक खाच आहे आणि ती अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटते. क्रेडिट हस्तांतरित होणे वेगळे आणि ते निवडलेल्या पदवीत मोजले जाणे वेगळे. एनसीएएच्या नियमानुसार तिसरे शैक्षणिक वर्ष सुरू होताना खेळाडूने निवडलेल्या पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो, चौथ्या वर्षाच्या आरंभी 60 टक्के आणि पाचव्याच्या आरंभी 80 टक्के. पदवी 120 क्रेडिटची धरली, तर 40 टक्के म्हणजे 48 क्रेडिट. असोसिएट डिग्रीचे 60 क्रेडिट घेऊन एक मुलगा येतो, विद्यापीठ त्यांतील 54 स्वीकारते, पण त्याने निवडलेल्या व्यवसाय-व्यवस्थापनाच्या पदवीत त्यांपैकी 45 च बसतात. उरलेले नऊ ऐच्छिक म्हणून नुसतेच ट्रान्सक्रिप्टवर राहतात. जीपीए उत्तम, पदवी हातात, प्रशिक्षक खूश आणि तरीही तीन क्रेडिटसाठी तो शरदातल्या सामन्यांना अपात्र. मार्ग दोन आहेत: त्या उन्हाळ्यात पदवीत मोजला जाईल असा एक वर्ग पूर्ण करणे किंवा ज्या पदवीत अधिक क्रेडिट बसतात ती निवडणे. दुसरा मार्ग अनेक मुलांवर लादला जातो आणि इंजिनिअर व्हायला निघालेला मुलगा भलतीच पदवी घेऊन बाहेर पडतो. पालकांनी यावर आधीच बोलावे. म्हणून एखाद्या संघाशी बोलणे गंभीर वळणावर आले की त्या विद्यापीठाच्या, नियमपालन पाहणाऱ्या कम्प्लायन्स कार्यालयाकडून दोन गोष्टी ईमेलवर मागाव्यात: किती क्रेडिट स्वीकारले जातील आणि अमुक पदवीत त्यांपैकी किती मोजले जातील. फोनवरच्या "काळजी करू नका" या उत्तराला काडीचीही किंमत देऊ नये.

चौथी पायरी घड्याळाची आहे. पहिल्या विभागात खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम मिळतात आणि ही पाच वर्षे मोजायला सुरुवात होते ती कोणत्याही महाविद्यालयात पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून दाखल झाल्याच्या दिवसापासून. त्या वर्षी तो खेळला की नाही, याने घड्याळाला फरक पडत नाही. 2023 च्या शरदात ज्युनिअर कॉलेजमध्ये पूर्णवेळ दाखल झालेल्या मुलाचा शेवटचा हंगाम 2027 चा. फुटबॉलमध्ये 2018 पासून विद्यापीठात एका हंगामात चारपर्यंत सामने खेळूनही तो हंगाम खर्ची न घालता रेडशर्ट, म्हणजे संघात राहून हंगाम राखून ठेवलेला, राहता येते. धार्मिक मिशन, लष्करी सेवा, गर्भारपण यांसाठी घड्याळ वाढवून मिळण्याच्या तरतुदी आहेत. दुखापतीसाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

ज्युनिअर कॉलेजमधील हंगाम एनसीएएच्या चार हंगामांत धरावेत का, यावर मात्र न्यायालयांत वाद पेटला आहे. डिएगो पाविया हा क्वार्टरबॅक (हल्ल्याची सूत्रे सांभाळणारा खेळाडू) 2020 आणि 2021 साली न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युनिअर कॉलेजमध्ये खेळला, मग न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाकडून आणि 2024 साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून.  ज्युनिअर कॉलेजमधील हंगामही मोजणाऱ्या एनसीएएच्या नियमाने त्याची पात्रता 2024 च्या हंगामानंतर संपत होती. त्याने दावा केला आणि डिसेंबर 2024 मध्ये नॅशव्हिलच्या संघीय न्यायालयाने त्याच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला. काही दिवसांतच एनसीएएने त्याच्यासारख्या, एनसीएएबाहेरील संस्थेत खेळलेल्या आणि एरवी पात्रता संपलेल्या खेळाडूंना 2025-26 या एका वर्षासाठी सरसकट सवलत दिली. त्यानंतर इतरांनी केलेल्या दाव्यांत काही न्यायालयांनी दिलासा दिला, काहींनी नाकारला. नवख्याने यातून एवढेच घ्यावे की आपले नियोजन जुन्या, कडक हिशेबावर करावे. न्यायालयाकडून एखादे वर्ष जास्तीचे मिळाले तर ते वरकड समजावे.

पाचवी पायरी कागदपत्रांची, आणि ती थोडक्यात आटोपते. ज्युनिअर कॉलेजच्या खेळाडूला एनसीएएच्या ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, नाव घालावे लागत नाही. ते पोर्टल एनसीएएच्या खेळाडूंसाठी आहे. एलिजिबिलिटी सेंटरकडून हौशीपणाचे, म्हणजे खेळाडू व्यावसायिक नसल्याचे, प्रमाणपत्र मात्र लागते आणि त्यासाठी शरदात प्रवेश घेणाऱ्याला अंतिम विनंती 1 एप्रिलपासून करता येते. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे ठरावीक विद्यापीठातच जाण्याचे लेखी वचन देण्याची, जुनी पद्धत ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाली. आता खेळाडू विद्यापीठाशी आर्थिक मदतीच्या करारावर सही करतो. 2025-26 पासून, खेळाडूंच्या मोबदल्याच्या दाव्यातील न्यायालयीन तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत फुटबॉल संघ 105 खेळाडूंपुरता मर्यादित आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरण्याच्या जागा आटल्या आहेत. न्यूटनसारखे जे आधी चार वर्षांच्या विद्यापीठात होते आणि ज्युनिअर कॉलेजमार्गे परत जाऊ इच्छितात, त्यांना वेगळे आणि अधिक कडक नियम लागतात. त्यांनी वरील हिशेब स्वतःला लावू नये आणि थेट कम्प्लायन्स कार्यालयाला विचारावे.

भारतातून जाणाऱ्याने काही गोष्टी जास्तीच्या सांभाळाव्यात. एलिजिबिलिटी सेंटर एसएससी आणि एचएससीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे मागते आणि त्यांवरून भारतीय विषयांची तुलना स्वतःच्या निकषांशी करते. पुण्यात किंवा मुंबईत एफवायला पूर्णवेळ प्रवेश घेऊन वर्ष काढले असेल, तर पाच वर्षांचे घड्याळ तेव्हाच सुरू झाले आहे, कारण परदेशी महाविद्यालयही महाविद्यालयच. हे लपवू नये. ट्रान्सक्रिप्टवरील तारखा एक दिवस बाहेर येतातच. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर प्रत्येक सत्रात पूर्णवेळ शिक्षण बंधनकारक आहे आणि पूर्णवेळेच्या मोजणीत सत्राला एकच ऑनलाइन वर्ग, म्हणजे तीन क्रेडिट, धरता येतो. त्यामुळे अमेरिकी सहकाऱ्याने सामन्यांच्या दौऱ्यांमुळे तीन ऑनलाइन वर्ग घेतले म्हणून आपणही घ्यावेत, असे चालत नाही. नाव, प्रतिमा आणि ओळख यांच्या मोबदल्याचे करार हाही एफ-1 धारकासाठी जोखमीचा प्रांत आहे. सही करण्यापूर्वी स्थलांतरविषयक वकिलाला दाखवावे. कॉलेज बदलताना सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतील नोंद नव्या विद्यापीठाकडे वेळेत हलवून नवा आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठीचे पात्रतापत्र) घ्यावा लागतो आणि ते काम प्रशिक्षकाचे नसून आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे आहे.

शेवटची पायरी विद्यापीठात पोहोचण्याच्या उन्हाळ्यातली. ज्युनिअर कॉलेजच्या अंतिम ट्रान्सक्रिप्टवर पदवी प्रदान केल्याची तारीख छापलेली आहे ना, हे स्वतः पाहावे. "पदवी अपेक्षित" असा शेरा असलेला कागद नॉन-क्वालिफायरच्या कामाचा नाही. ग्रंथालयाचा दंड किंवा वसतिगृहाची थकबाकी राहिली तर कित्येक कॉलेजे ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवतात आणि ऑगस्टमध्ये सराव शिबिर सुरू झालेले असताना मुलगा तीस-चाळीस डॉलरसाठी ताटकळतो. विद्यापीठात गेल्यावर प्रत्येक सत्रात किमान सहा क्रेडिट उत्तीर्ण व्हावे लागतात, पण फुटबॉलपटूसाठी शरदातील सत्राचा आकडा नऊ आहे: तो गाठला नाही तर पुढच्या हंगामाचे पहिले चार सामने हातचे जातात.